टिकेकर आणि मंडळी

टिण्ण. टिण्ण. टिण्ण. टिण्ण.

साडेपाच वर्षांचं मूल असलेल्या घरात शांतता पसरली, तर शहाणी बाई हातातलं काम टाकून आधी मूल शोधते. मी त्या शनिवारी दुपारी डायनिंग टेबलाशी बबल रॅप कापत बसले होते आणि 'किती समजूतदार झालीय माझी इला' असं मनातल्या मनात कौतुक करत होते. तेवढ्यात ही घंटा जिन्याच्या एकेका पायरीवर वाजत खाली आली आणि माझ्या पावलाशी लवंडली. अंगठ्याएवढी पितळी घागर. कडेला ताजा पोचा.

वरून आवाज आला, "आई, द वॉटर फेल डाउन."

वर जाऊन पाहते तर शेवटच्या पायरीवर स्वयंपाकघर थाटलेलं. चुलीवर तवा, तव्यावर सकाळच्या नाश्त्याच्या सिरियलचे चार गोल, परातीत खडूचा चुरा आणि समोर मांडी घालून बसलेली माझी मुलगी, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत. ते तसं मागे सारणं तिला कुणी शिकवलेलं नाही. माझी आई पोळ्या लाटताना तसं करते. ती सगळी भांडी बार्बराला पाठवायच्या खोक्यातली होती हे मी क्षणभर विसरलेच.

मी भातुकली विकते. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या टाउनहाउसमधून, ऑनलाइन. घाऊक नव्हे, किरकोळ. आणि किरकोळ म्हणजे अगदीच किरकोळ. या देशात बाहुलीघरं जमवणाऱ्या बायकांचं एक वेगळंच राष्ट्र आहे. त्यांचे क्लब आहेत, वार्षिक प्रदर्शनं आहेत, एकमेकांशी न बोलणारे गट आहेत. म्हणजे आपल्या महाराष्ट्र मंडळात असतं ते सगळं आहे, फक्त जेवणाची लाइन नाही. ओहायोची बार्बरा ही त्या राष्ट्रातली एक ज्येष्ठ नागरिक. निवृत्त दंतवैद्य. तिने ऑक्टोबरातल्या प्रदर्शनासाठी माझ्याकडून अख्खं 'इंडियन किचन' मागवलं: चूल, जातं, पाटा-वरवंटा, शेवयांचा साचा, पळी, झारा, सगळं. वर लिहिलं की शेजारी 'सौजन्य' म्हणून एक छोटं कार्ड लावणार आणि त्यावर दुकानाच्या मालकाचं नाव छापणार. 'नाव मी तुमच्या पावतीवरूनच उतरवून घेईन. गेल्या वर्षी एका नॉर्वेजियन गृहस्थांच्या नावात मी एक अक्षर चुकवलं, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.'

"एका कार्डाचं एवढं काय," प्रथमेश म्हणाला. प्रथमेश माझा नवरा. त्याच्या नावावर घर आहे, दोन्ही गाड्या आहेत, आरोग्यविमा आहे आणि त्या विम्याच्या पोटात मी आहे. कित्येक वर्षं माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' असा शब्द होता, ज्याचं मराठी मी आईला कधी सांगितलं नाही. माझ्या एकटीच्या नावावर या देशात एकच गोष्ट होती, लायब्ररीचं कार्ड, आणि त्यावर इलाने हरवलेल्या पुस्तकांची नोंद. वर्क परमिट आल्याबरोबर मी दुकान नोंदवलं आणि मालकाच्या रकान्यात लिहिलं: चैत्राली टिकेकर. एवढंच. मधे कुणी नाही.

आणि आता ते नाव ओहायोतल्या एका टेबलावर, वरवंट्याशेजारी, बोटभर कार्डावर छापलं जाणार होतं. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी ते कुणापाशी बोललेही नव्हते. प्रथमेशला म्हटलं, "हो ना, काही विशेष नाही," आणि पोचा आलेली घागर खिशात टाकली.

निम्मा माल घरात होता. उरलेला सांगलीहून यायचा होता. माझी आई पद्मजा ही आमच्या दुकानाची खरेदीप्रमुख. ती बाजारात 'नातीसाठी हवंय हो' असं सांगून भाव पाडून घेते. त्या हिशोबाने तिला आजवर दीडेकशे नाती झाल्या असाव्यात. तिने माल नेहमीप्रमाणे देखणा बांधला. प्रत्येक भांडं जुन्या साडीच्या तुकड्यात, आणि मधल्या फटींत चिवड्याच्या पुड्या, कारण परदेशी जाणाऱ्या खोक्यात रिकामी जागा सोडणं हा आमच्याकडे नैतिक गुन्हा आहे. वर ठळक इंग्रजी अक्षरांत पत्ता घातला. सौ. चैत्राली प्रथमेश टिकेकर. 'सौ.'सकट.

आठवड्याने कुरियर कंपनीचा ईमेल आला. 'प्रिय सौ,' अशी सुरुवात होती. सौचं पार्सल गोदामात येऊन पडलं आहे. सौने आपलं ओळखपत्र पाठवावं.

मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "सौ तुमच्याच घरी राहतात का?"

"लग्न झाल्यापासून," मी म्हटलं.

"मग त्यांना फोनवर देता का?"

सौ. हे नाव नसून ती एक अवस्था आहे, नवरा जिवंत असल्याची पावती आहे, हे मी त्यांना इंग्रजीत समजावण्याचा प्रयत्न केला. मग त्यांनी विषय बदलला. "आत काय आहे?"

"भांडी."

"अन्नासाठी?"

"खोट्या अन्नासाठी."

"म्हणजे खेळणी. लहान मुलांची असतील तर तपासणीचं प्रमाणपत्र लागेल."

"लहान मुलांची नाहीत. निवृत्त दंतवैद्यांची आहेत."

त्यांनी ते टाइप करून घेतलं. "आणि यादीत 'चिवडा' असं काही लिहिलंय."

"तो खरा आहे," मी म्हटलं. एका तरी प्रश्नाचं उत्तर सरळ देता आल्याचं फार समाधान वाटलं.

आईला फोन केला. "अगं, सौ. कशाला लिहिलंस?"

"मग काय नुसतं चैत्राली लिहू? लोक काय म्हणतील?"

"आई, ते कस्टमवाले आहेत."

"ते पण लोकच ना," आई म्हणाली आणि चिवड्यात या वेळी काजू जास्त घातलेत, ते आधी खा, असं सांगून तिने फोन ठेवला.

घरात भांडं पडलं तर शेजारी ऐकू जात नाही अशा भिंती अमेरिकेत बांधतात म्हणे. आमच्या भिंतीपलीकडे मालिनी काकू आणि नंदू काका राहतात, त्यामुळे आमच्यापुरती ती सोय नाही. काकू मूळच्या नागपूरच्या, इथे येऊन तीस वर्षं होत आली. संध्याकाळी त्या वाटीभर साखर परत करायला आल्या. ती साखर त्यांनी माझ्याकडून कधी नेलीच नव्हती.

"काय गं, पोस्टानं काहून मागवतेस?" त्या म्हणाल्या. "मला सांगायचं ना. माझी नणंद येऊन राहिली डिसेंबरात. तिच्या बॅगेत पाच किलो तर असंच बसून जाते."

"काकू, प्रदर्शन ऑक्टोबरात आहे."

"मग त्या बार्बराला म्हण, थोडं पुढे घे. आपण गणपती नाही का वीकेंडला घेत?"

नंदू काका मागून आले. काका निवृत्त आहेत आणि त्यांची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा आहे. "सुपरवायझर माग," ते म्हणाले. "खालच्या माणसाशी बोलायचंच नाही. मी केबलवाल्याकडे तीनदा सुपरवायझर मागितला, आज माझ्याकडे असे चॅनल आहेत की कुठल्या भाषेतले आहेत तेही कळत नाही."

"आणि नावाचं मनाला लावून घेऊ नको," काकू म्हणाल्या. "माझ्या पहिल्या पासपोर्टवर सगळं नाव आडनावाच्याच रकान्यात घातलं होतं ह्यांनी. पहिल्या नावाची जागा रिकामी. मग इथल्या लोकांनी भरलं, एफ, एन, यू. फर्स्ट नेम अननोन. आठ वर्षं सारी टपाल त्याच नावानं यायची. डेंटिस्टकडं मला 'फनू' म्हणून हाक मारायचे."

"मी अजून मारतो कधी कधी," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "सवय होते गं," त्या मला म्हणाल्या आणि माझ्याच डब्यात साखर ओतून गेल्या.

पार्सल अखेर सुटलं ते एका प्रतिज्ञापत्रावर. त्यात एक रकाना होता, 'अन्य नावे, ज्यांनी आपण ओळखले जाता.' मी सही केली. चैत्राली टिकेकर उर्फ सौ. आपल्याकडे वर्तमानपत्रात 'उर्फ' लागतं ते चेन चोरणाऱ्यांना. सांगलीत आमच्या आगाशे घराण्यात आजवर कुणाला उर्फ लागलं नव्हतं, ती परंपरा मी मोडली. चिवड्याच्या पुड्यांचं काय झालं ते विचारू नये. गोदामात कुणाला तरी काजू मिळाले असतील.

इथे कथा संपायला हवी होती. पण दुकानाच्या साइटने माल हाती आल्याचा पुरावा मागितला, म्हणून मी ते उर्फवालं कागदपत्र तिथे चढवलं. पुरावा मागितला की द्यावा, अशा भाबड्या घरात माझी वाढ झालेली आहे. साइटच्या वतीने पैसे घेणाऱ्या कंपनीच्या कुठल्या तरी यंत्राने तो कागद वाचला. दुकान चैत्रालीचं, माल सौचा. यंत्राच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या सकाळी बार्बराचे पैसे अडकले, दुकानाची पाटी उतरली, पावती निघेना, आणि 'आपली ओळख पटवा' असा लाल पट्टा झळकू लागला. खाली मुदत दिली होती. मुदतीत ओळख पटली नाही तर खातं कायमचं बंद.

ओळख पटवायला माझ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स होतं. त्यावर माझं नाव आहे 'चैत्राली प्रथमेश टिकेकर.' हे माझ्या सासऱ्यांचं कर्तृत्व. लग्नानंतर पासपोर्टचा अर्ज एकनाथरावांनी स्वतः बसून भरला होता. पासपोर्टात मधल्या नावाला वेगळी जागा नाही असं दिसल्यावर ते डगमगले नाहीत. "पहिल्या नावाच्या रकान्यात भरपूर जागा आहे, तिथेच बसवू दोघांना," म्हणाले. तेव्हापासून या देशात मी निम्मी प्रथमेश आहे. इलाच्या वेळी दवाखान्यात नर्सने 'प्रथमेश' अशी हाक मारून पुढे नमुन्याची डबी धरली, तर हा उठून ती घेऊन निघालाही होता.

लायसन्स चढवलं. लगेच चॅटची खिडकी उघडली. पलीकडे टायलर नावाचा गृहस्थ होता. अतिशय नम्र. या देशात जितका नम्र माणूस भेटतो तितकं आपलं काम लांबतं असा माझा अनुभव आहे.

'हाय. तुमच्या ओळखपत्रावर आणखी एका व्यक्तीचं नाव दिसतंय. प्रथमेश कोण?'

'मधलं नाव' असे दोन शब्द लिहिले असते तर मी आज सुखात असते. पण मी लिहिलं, 'प्रथमेश माझा नवरा आहे.'

मग टायलरने विचारलं, 'तुमचा नवरा तुमच्या नावात का आहे?'

हा प्रश्न मला लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मांडवात दोनशे माणसं होती, एकालाही सुचला नव्हता. टायलरला त्याचं उत्तर पाच कामकाजाच्या दिवसांत हवं होतं.

हे मी इलाच्या पोहण्याच्या क्लासबाहेर गाडीत बसून लिहितेय. क्लास पाऊण तासाचा असतो, त्यातली दहा मिनिटं गॉगल शोधण्यात जातात. काचेतून ती मला पाण्यातून हात करते आणि मी लिहिणं थांबवून तिला हात करते. त्यामुळे गोष्ट मधेच तुटल्यासारखी वाटली तर समजून घ्यावं. तेवढ्यात तिने डोकं पाण्याखाली घातलेलं असतं आणि ते वर येईपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही.

तर, प्रथमेश. तो मला म्हणाला, "तू भावनिक होऊन लिहिलंस. हे टेक्निकल आहे. दे, दोन मिनिटांत करतो." प्रथमेश मोठ्या कंपनीत सिस्टिम डिझाइन करतो. घरातली कुठलीही अडचण तो आधी चौकोनांत बसवतो. त्याने टायलरसाठी एक आकृती काढली. सगळ्यात वर एका चौकोनात 'एकनाथ.' त्यातून खाली बाण. 'प्रथमेश.' पुन्हा बाण. सगळ्यात खाली 'चैत्राली.' शेजारी टीप: 'महाराष्ट्रीय पद्धतीत मधलं नाव वरच्या चौकोनातून येतं.'

"बघ, किती क्लिअर आहे," तो म्हणाला.

क्लिअर होतंच. टायलरने आभार मानले आणि लिहिलं की या आकृतीमुळे दुकानाच्या मालकीची रचना पहिल्यांदाच नीट समजली. नियंत्रण वरून खाली येतंय, तर सर्वांत वरच्या व्यक्तीची, म्हणजे श्री. एकनाथ यांची कागदपत्रं लागतील. सोबत मधल्या व्यक्तीचीही.

"अरे, तू माझ्या दुकानावर तुझ्या बाबांना बसवलंस."

"टेम्पररी आहे गं. व्हेरिफाय झालं की रिमूव्ह करता येईल."

मला एकदम काकूंचं 'सवय होते गं' आठवलं आणि मी उठून इलाच्या वेण्या घालायला गेले. त्या तिच्या आधीच घातलेल्या होत्या. सोडून परत घातल्या.

सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नेहमीप्रमाणे त्यांचं कपाळ आणि पंखा दिसला.

"चैत्राली, घाबरू नकोस," कपाळ म्हणालं. "आपल्या धंद्यात मी कमी पडणार नाही."

आपल्या. मी तो शब्द गिळला. माणूस मनाने फार चांगला. इलाला रोज झोपताना फोनवर गोष्ट सांगतात, तिला त्यातलं निम्मं कळत नाही तरी ते थांबत नाहीत. त्यांनी त्याच दिवशी आधार, पॅन, विजेचं बिल, बँकेचं पासबुक आणि पेन्शनसाठी दर वर्षी लागतो तो हयातीचा दाखला, असं सगळं स्कॅन करून पाठवलं. नवरा जिवंत असल्याचा माझा पुरावा म्हणजे नावाआधीचं सौ., आणि ते परदेशात चाललं नाही. सासऱ्यांकडे मात्र सरकारी शिक्का होता.

कागदपत्रं चोख होती. प्रत्येकावर नाव होतं 'एकनाथ श्रीराम टिकेकर.'

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा टायलर विचारत होता, 'श्रीराम कोण?'

श्राद्धाला गुरुजी पिता, पितामह, प्रपितामह अशी तीन नावं विचारतात आणि थांबतात. टायलर थांबेल याची मला खात्री वाटेना. श्रीरामपंत माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी वारले होते. भातुकलीच्या धंद्याचा त्यांना गंधही नव्हता. मी सासऱ्यांना म्हटलं, बाबा, हे मी बघते. पण त्यांना मालकीची चव लागली होती. त्यांनी परस्पर टायलरला ईमेल केला. सोबत श्रीरामपंतांचा, भिंतीवरचा, चंदनाच्या हारासकट काढलेला फोटो. खाली ओळ: 'आमचे वडील. यांच्याच पुण्याईवर सर्व चालले आहे.'

प्रथमेशने खबरदारी म्हणून पणजोबांचं नाव विचारून ठेवलं. शिवराम.

अशा रीतीने एका आठवड्यात, ज्यांनी जन्मात कधी पोळपाट धरला नसेल अशा पुरुषांची रांग माझ्या बोटभर चुलीभोवती येऊन बसली. प्रथमेशला पळी आणि झारा यांतला फरक आजही सांगता येत नाही. ज्या बाईने सांगलीच्या बाजारात उन्हात फिरून दीडशे खोट्या नातींसाठी ही भांडी जमवली, तिचं नाव टायलरने विचारलं नाही. ते कुणाच्याच मधे नव्हतं.

बार्बराला उशिराचं कारण कळवणं भाग होतं. मी तिला सगळी हकीकत लिहिली. विनोदी करून लिहिली, कारण रडगाणं गाणं आपल्या स्वभावात नाही. नवरा, सासरे, हार घातलेले आजेसासरे, सगळं. तिचं उलट उत्तर आलं: 'किती हृद्य आहे हे.' मला वाटलं, बाईला विनोद कळला.

मुदतीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. नंदू काका सकाळीच स्वतःचा चार्जर घेऊन आले. "फोन स्पीकरवर टाक," त्यांनी हुकूम सोडला आणि खुर्ची ओढून घेतली. मालिनी काकू पोहे घेऊन आल्या. इला शाळेत होती, नाहीतर तिलाही बोलायला लावलं असतं. काकांनी एकेक माणूस ओलांडत, संगीत ऐकत, 'आय विल होल्ड' म्हणत म्हणत तासाभराने खरोखर सुपरवायझर गाठला. त्यांच्या चेहऱ्यावर काशीला पोचल्याचं समाधान होतं.

सुपरवायझर बाई गोड होत्या. त्यांनी दोन मिनिटं फाइल पाहिली. "हे फारच सोपं आहे," त्या म्हणाल्या. "दोन गृहस्थांची कागदपत्रं पूर्ण आहेत. तुमच्या एकटीच्या नावात विसंगती आहे. मी त्या दोघांना मालक म्हणून नोंदवते आणि तुम्हाला संपर्क व्यक्ती. खातं आत्ता सुरू होईल. चालेल?"

"आणि मालक मीच राहायचं असेल तर?"

"तर नवीन अर्ज. सहा ते आठ आठवडे."

प्रदर्शन दोन आठवड्यांवर होतं. काका माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवत होते, 'हो म्हण, हो म्हण.' टेबलावर बार्बराचा खोका अर्धा बांधलेला. काकू काकांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. पोह्यांवरचं झाकण त्यांनी काढलं नव्हतं.

"चालेल," मी म्हटलं.

"झालं," काका म्हणाले. "म्हटलं नव्हतं, सुपरवायझर?"

काकूंनी माझ्या बशीत पोहे वाढले, वर जरा जास्तच खोबरं घातलं आणि म्हणाल्या, "खा, चैत्राली." एरवी त्या मला नुसतं 'अगं' म्हणतात.

दुपारी खोका पूर्ण बांधला. पोचा आलेली घागर काही बार्बराला पाठवता येईना आणि आईने पाठवलेल्यांत घागर नव्हती. म्हणून माझी स्वतःची, लहानपणची घातली. तिला चिंच लावून घासली. सहावीपर्यंत मी तिच्यातून बाहुल्यांना पाणी पाजलं आहे, एकदा पाणी म्हणून खोबरेल तेलही. पोचावाली इलाकडे राहिली.

पोस्टातल्या खिडकीवरच्या माणसाने खोका तागडीवर ठेवला आणि वाकून पाहिलं. बुटाच्या खोक्याएवढी वस्तू आणि वजन विटेचं.

"आत काय आहे?"

"एक चूल, एक जातं, दोन तवे आणि घरातलं बाकी सगळं."

त्याने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चुलीत इंधन आहे?"

"काल्पनिक."

त्याने मनाई असलेल्या वस्तूंच्या पाटीवर काही क्षण शोधलं. काल्पनिक इंधनाला तिथे मनाई नव्हती.

दुकानाची पावती त्याच वेळी बार्बराला गेली. मी ती उघडून पाहिली नाही. त्या रात्री सासऱ्यांनी फॅमिली ग्रुपवर 'आमच्या फर्मचे अमेरिकेत पुनरागमन' असा मजकूर टाकला, हात जोडलेल्या चिन्हांसह. पहिलं आगमन कधी झालं होतं ते कुणी विचारलं नाही. सांगलीहून माझ्या आईनेही त्यावर अंगठा दिला. मग मला वेगळा निरोप पाठवला, 'घागर कुठली दिलीस? तुझी नाही ना?' मी लिहिलं, 'नाही.'

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी बार्बराचा फोटो आला. मी ओट्याशी डाळ घोटत होते. इला खाली फरशीवर पोचावाल्या घागरीतून टेडीला पाणी पाजत होती. तिची वाचायला शिकायची सुरुवात झाली आहे, त्यामुळे सध्या ती सिरियलच्या खोक्यापासून रस्त्यावरच्या पाटीपर्यंत काहीही सोडत नाही.

फोटो सुंदर होता. खरंच सुंदर. चुलीमागे बार्बराने कार्डबोर्डची मातकट भिंत केली होती, छताला मिरच्यांची लाल माळ टांगली होती. जातं, पाटा, साचा, सगळं जागच्या जागी. कोपऱ्यात माझी घागर, चिंचेने लख्ख. आणि पुढे ते कार्ड. बोटभर नव्हतं. चांगलं हातभर होतं. ईमेलमध्ये बार्बराने लिहिलं होतं, 'तुमची गोष्ट वाचून मी हेलावून गेले, म्हणून नावं पावतीपुरती ठेवली नाहीत. लहान मुलींची खेळणी इतक्या निष्ठेने जपणारे पुरुष मी माझ्या आयुष्यात पाहिलेले नाहीत. प्रदर्शनात सगळे त्यांच्याबद्दलच विचारत होते.'

इला माझ्या पायाला टेकून उभी राहिली. "शो मी." मी फोन खाली धरला. तिने बोट टेकवून एकेक अक्षर जुळवायला घेतलं. दाताची खिडकी पडल्यामुळे तिचा 'थ' सध्या फार गोड येतो.

"प्र... थ... प्रथमेश. दॅट्स बाबा."

"हो."

"ए... क... एकनाथ. आजोबा!" तिने टेडीलाही ते दाखवलं. "अँड हू इज श्री... श्रीराम?"

"बाबांचे आजोबा."

"दे प्लेड विथ युअर घागर?"

"तशी... नाही."

तिने परत वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, सावकाश, एखादं नाव नजरेतून सुटलं असेल तसं. मग फोन उलटा करून मागची बाजूही पाहिली. डाळ खाली लागायला लागली होती, मला वास येत होता, पण तिने माझा हात धरून ठेवला होता.

"आई," तिने विचारलं, "ह्यात विच वन इज यू?"